उखाची मूठ

धुरपदाबाईंनी तो प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तेव्हा मी शाळेत जायला निघाले होते, छत्री सापडत नव्हती आणि माझं डोकं आधीच फिरलेलं होतं.

"बाई, मी उखानी मूठ लिधी का नही?"

"घेतली असेल," असं म्हणून मी निघून गेले. संध्याकाळी परत आले तर त्या जिन्याच्या पायरीवर बसलेल्या. तोच प्रश्न. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर, पुन्हा तोच. पुढचे आठ दिवस तो प्रश्न आमच्या घरात बिनभाड्याने राहिला म्हणायला हरकत नाही.

सत्तर-एकाहत्तर साल असेल. माझे यजमान श्रीकांत बँकेत, मी मराठी शाळेत तिसरीची वर्गशिक्षिका. आम्ही मूळचे सातारकडचे. सुरतेजवळ उधन्याला एका गुजराती मालकाच्या चाळीत वरच्या दोन खोल्या आमच्या, आणि बरोबर खाली हिलालभाऊंचं बिऱ्हाड. ते अमळनेरकडचे, लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला. बायको धुरपदाबाई, मगन आणि भिकन हे दोन मुलगे, आणि हिलालभाऊंचा धाकटा भाऊ उखा. धुरपदाबाई पंधराव्या वर्षी लग्न होऊन आल्या त्याच साली सासू गेली, तेव्हा हा उखा तीन वर्षांचा होता. त्याला भरवणं, न्हाऊ घालणं, तापात मांडीवर घेऊन बसणं, सगळं त्यांनी केलं. मगन त्याच्यानंतर कितीतरी वर्षांनी झाला. उखा त्यांना वहिनी म्हणायचा खरा, पण हाक मारायची त्याची तऱ्हा आईला मारतात तशी होती. म्हणजे भूक लागली की.

आता ही मूठ काय, ते सांगते. खानदेशातल्या लोकांची कानबाई असते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसवतात. तिच्या नैवेद्याला जे रोट करतात त्याचे गहू तीन दिवस आधी काढायचे, आणि ते काढताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने एकेक मूठ सुपात टाकायची. नाव मनात घ्यायचं, मोठ्याने नाही. मग वरून लागतील तेवढे गहू ओतायचे आणि दळण करायचं. हे रोट घरच्यांनीच खायचे, बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. पहिल्या वर्षी मला याचा चांगलाच राग आला होता. खालून तुपाचा वास येतोय आणि रोज भाजीची वाटी पाठवणारी बाई रोटाचं नाव काढत नाही! मग कळलं की हा कंजूषपणा नव्हे. ज्याची मूठ पडली तो घरचा, असा तो हिशेब आहे. भाऊ वेगळे झाले की मुठीही वेगळ्या होतात.

आणि त्या वर्षी कानबाईच्या आधी पंधरा दिवस उखा घर सोडून गेला होता.

झालं होतं ते एवढंसंच. मगन बापाचा डबा घेऊन कारखान्यात गेला आणि चालत्या लूमच्या पट्ट्याजवळ वाकला. उखा तिथेच कामाला. त्याने पाहिलं, धावत आला, पोराला मागे ओढलं आणि भीतीच्या भरात एक ठेवून दिली. मगन गालावर चार बोटं घेऊन घरी आला. धुरपदाबाईंना पट्टा दिसला नाही, बोटं दिसली. संध्याकाळी उखा दारात पाऊल टाकतो न टाकतो तोच त्या म्हणाल्या, "मना पोरले हात लावानं काम नही. तू थोडाच मना पोटना शेस!"

मी वरून ऐकलं. सगळ्या चाळीने ऐकलं. उखाने काही उत्तर दिलं नाही. आपले दोन सदरे आणि चादर घेतली आणि गेला. चार दिवसांनी कळलं, कतारगामला दुसऱ्या कारखान्यात लागलाय आणि तिथेच तिघांत एक खोली केलीय.

तर असं सगळं असताना गुरुवारी संध्याकाळी धुरपदाबाई गहू काढायला बसल्या आणि नेमकी त्याच वेळी मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. दूधवाला उद्या येणार नाही, एवढं सांगायला. सांगून निघावं की नाही? पण माझ्या तोंडाला खीळ कुठली! दूधवाल्यावरून म्हशीवर, म्हशीवरून हेडमास्तरांवर. त्या सूप पुढ्यात घेऊन हो हो करत होत्या. मी गेल्यावर त्यांनी वरचे गहू ओतले. आणि शुक्रवारी सकाळी त्यांच्या मनाने तो प्रश्न धरला.

पहिले दोन दिवस मी समजूत घातली. रविवारी कानबाई बसली, गाणी झाली, सोमवारी वाजतगाजत तापीला विसर्जन झालं. वाटलं, आता सुटलं. कुठलं काय! मंगळवारी त्या चुलीवर चहा ठेवून माझ्याकडे आल्या आणि बोलत बसल्या. खाली चहा जळून पातेलं काळं झालं. कारखान्यात त्या कांड्या भरायच्या कामाला जात. तिथे भरलेली कांडी तशीच फिरत राहायची आणि धागा खाली सांडायचा, असं शेजारीण सांगे. घराची कडी लावून निघायच्या आणि नाक्यावरून परत येऊन कडी बघायच्या. झोप तर उडालीच होती. डोळ्यांखाली काळं आलं.

"मनमा घट्यासारखं फिरत ऱ्हास, बाई," त्या म्हणायच्या; घट्या म्हणजे जातं. "मगनना बापनी मूठ याद शे. मगननी शे. भिकननी शे. मंग तुम्ही उनात. मंग काय करं मी?"

मंग तुम्ही उनात! म्हणजे मी आले, आणि त्या मुठीच्या आणि त्यांच्या आड आली ती माझी म्हैस.

नवरे मंडळींना विचारून उपयोग नव्हता. हिलालभाऊ म्हणाले, "लिधी व्हई वं. नही लिधी व्हई ते पुढला साले दोन ले." आणि पाळीला निघून गेले. श्रीकांतना मी सांगितलं तर ते वर्तमानपत्रामागून म्हणाले, "गहू दळून, भाजून, खाऊन झाले. आता ती मूठ कुणाच्या पोटात आहे ते कसं सांगणार?" पुरुषांची डोकी रात्री बंद होतात आणि सकाळी उघडतात, दुकानासारखी. आमची चोवीस तास उघडी.

मी शिक्षिका. कुणाला काही येत नसेल तर शिकवल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी त्यांना उपाय द्यायला सुरुवात केली. ब्राह्मीचं तेल डोक्याला चोळायला दिलं. त्यांनी चोळलं, केस मऊ झाले. विचार आला की देवाचं नाव घ्या म्हटलं. त्या म्हणाल्या, "नाव लिधं का कानबाई याद येस, आनि कानबाई याद उनी का मूठ." मग म्हटलं, शंभरापर्यंत सावकाश आकडे म्हणा. त्यांना आकडे विसाविसाने येत. एक वीस, दोन वीस, तीन वीस इथवर ठीक जायच्या, आणि चौथ्या विसाला थांबून माझ्याकडे बघायच्या. तीन मुठींनंतर चौथी! मी तो उपाय तिथेच बंद केला.

शेवटी बुधवारी मी सरळ खोटं बोलले. वर्गात चाळीस पोरांना रोज खरं बोला म्हणून सांगणारी मी! पण त्यांचा चेहरा बघवेना. म्हटलं, "धुरपदाबाई, मला आठवलं. मी दारात उभी होते ना, मी पाहिलं. चार मुठी घेतल्या तुम्ही."

त्यांनी माझ्याकडे फार वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "तुम्ही दखं?"

"माझ्या डोळ्यांनी."

त्या दिवशी त्यांनी गाणं गुणगुणत भांडी घासली. मी वर बसून स्वतःवर खूश झाले. श्रीकांतना म्हटलंसुद्धा, बघा, एका वाक्यात काम झालं.

गुरुवारी संध्याकाळी त्या परत आल्या. दाराशी उभ्या राहून विचारलं, "चौथी मूठ लिधी तव्हय कोनता हात व्हता मना?"

"उजवा. दुसरा कुठला असणार?"

"उजवा हातमा ते सूप व्हतं, बाई. तुमले बसाले जागा करासाठे मी सूप उचलं व्हतं."

गंमत म्हणजे, आता मलाच आठवेना. सूप हातात होतं का? मी बसले होते का उभी होते? तीन मुठी तरी मी खरंच पाहिल्या होत्या का? त्या दिवशी सकाळी वर्गात हजेरी घेताना मी पोरं तीनदा मोजली होती. हा रोग मलाही लागला होता. आणि तो लागल्याचं ध्यानात आलं तसा मला राग आला; त्यांचा, माझा, त्या सुपाचा. माझा राग असाच येतो, वळवाच्या पावसासारखा, कुणाला आडोसा शोधायला वेळ न देता.

"धुरपदाबाई," मी म्हटलं, "पुरे आता. मूठ घेतली की नाही ते तुम्हाला आठवत नाही. मला आठवत नाही. कुणालाच आठवणार नाही. पण उखाला तुम्ही काय बोललात ते आठवतंय ना? ते तर पक्कं आठवतंय? सगळ्या चाळीला आठवतंय. जे आठवत नाही त्याच्यामागे आठ दिवस घालवले तुम्ही. जे आठवतंय त्याचं काय केलंत?"

बोलले आणि जीभ चावली. त्या तिथेच उंबऱ्यावर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. मीही शेजारी बसले. काय करावं सुचेना, म्हणून नुसती पाठीवर हात फिरवत राहिले. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्या मुठीबद्दल बोलत नव्हत्या.

मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "कतारगामले कोनती बस जास?"

"उद्या माझी अर्धी रजा टाकते. दोघी मिळून जाऊ. रोट शिल्लक आहेत ना? परवा पौर्णिमा. त्याच्या वाटणीचे घ्या बरोबर."

"त्यानी मूठच पडेल नसनी ते?"

"तर त्याच्यापुढे ठेवा. खायचे की नाही ते तो ठरवील."

बोलायला सोपं होतं. पण शुक्रवारी दुपारी फडक्यात बांधलेले दोन रोट पोटाशी धरून त्या बसमध्ये बसल्या तेव्हा मला खरी धास्ती वाटली. उखाने ते घेतले नाहीत तर? ते परत आणायचे म्हणजे तो वेगळा झाला, यावर शिक्काच. मग हिलालभाऊंनी कितीही मुठी घ्या म्हटलं तरी काही उपयोग नव्हता. स्टेशनवर बस बदलली. गर्दीत कंडक्टर ओरडत होता, "आगळ चालो, बेन, आगळ चालो!" आणि धुरपदाबाई हलायला तयार नाहीत. मी त्यांना जवळजवळ ढकललं.

कतारगामला पत्ता शोधायला अर्धा तास गेला. एका कारखान्याच्या मागच्या बाजूला ओळीने खोल्या होत्या. लूमचा खडखडाट भिंतीतून येत होता. उखाची पाळी नुकतीच सुटली होती. अंगावर बनियन, केसांत रुईचा पांढरा कचरा, स्टोव्हवर भात ठेवलेला. गालफडं आत गेली होती. आम्हाला दारात पाहून तो उठला, पण 'या' म्हणाला नाही. मला म्हणाला, "बाई, तुम्ही?" वहिनीकडे पाहिलं नाही.

धुरपदाबाई आत येऊन उभ्या राहिल्या. खोलीत एकच खाट होती, तिच्यावर मी बसले. मी बसमध्ये त्यांना काय बोलायचं ते चांगलं पढवलं होतं. आधी ख्यालीखुशाली, मग मगनचा विषय, मग हळूच रोट. त्यांनी त्यातलं एक अक्षरही काढलं नाही.

"उखा," त्या म्हणाल्या, "मी तुनी मूठ लिधी नही."

मी चमकून पाहिलं.

"इसरनी नही. बाई दारशे उभ्या व्हत्यात, म्हनीसन राही गयी, आशेबी नही. तिन मुठी लिध्यात, तुनं नाव मनमा उनं, आनि मी हात मांगे लिधा. राग व्हता. तू घर सोडीसन गया त्याना राग. आठ दिन झायात, मी समदासले इचारी राहिनी, लिधी का नही, लिधी का नही. माले मालूम व्हतं."

आठ दिवस! मी त्या खाटेवर बसल्या बसल्या गार झाले. माझं तेल, माझे आकडे, माझं खोटं. चार मुठी मी पाहिल्या असं मी छातीठोक सांगितलं, तेव्हा मी खोटं बोलतेय हे माझ्याशिवाय जगात एकाच माणसाला नक्की ठाऊक होतं आणि ते माणूस माझ्याकडे बघत होतं. तरी त्या दिवशी त्या गाणं गुणगुणल्या. ते खोटं त्यांना किती हवं होतं! मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. स्वतःच्या हाताने केलेली गोष्ट स्वतःपासून लपवायची म्हणून या बाईने चहा जाळला, झोप जाळली, आणि मी तिला आकडे म्हणायला सांगत होते.

"आनि मी जे बोलनी," त्या पुढे म्हणाल्या, "ते बोलाले नको व्हतं. तू पट्टा दखेल व्हता. मगननी माले नंतर सांगं. मी तरी तुले बलावाले उनी नही."

एवढं बोलून त्यांनी गाठोडं खाटेच्या कडेला ठेवलं. सोडलं नाही. दोन पावलं मागे सरकून भिंतीला टेकल्या. वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये असं मला वाटलं.

उखा खाली बघत होता. स्टोव्ह फरफरत होता. त्याने आधी तो बंद केला. मग हात धुतले, सावकाश, कोपरापर्यंत. गाठोडं उचललं, गाठ सोडली, आणि रोट हातात घेऊन विचारलं, "मनी मूठ नही, मंग हाई मी कसं खाऊ?"

नशीब, मी मध्ये बोलले नाही.

"तुनी मूठ कोन लेस, वहिनी?" तो म्हणाला.

त्यांना कळलं नाही.

"दर साल तू समदासन्या मुठी लेस. दादानी लेस, पोरेसनी लेस. तुनी कोन लेस? बायासनी मूठ ऱ्हास का?"

"नही," त्या पुटपुटल्या.

"तरी तू खास ना?"

त्यांनी मान हलवली.

"मंग मीबी तुनासारखा खासू," उखा म्हणाला. "बठ."

त्याने रोट मोडला. अर्धा त्यांच्या हातावर ठेवला आणि अर्धा उभ्याउभ्याच खायला लागला, पोटात आग पडलेल्या माणसासारखा. धुरपदाबाई फरशीवर बसल्या. सोळा-सतरा वर्षं त्या घरात त्यांनी रोट केले, वाढले, आणि शेवटी उरलेले खाल्ले. आज कुणीतरी हातावर दिला होता. त्यांनी एक घास घेतला आणि तो घशाखाली उतरेपर्यंत डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. मी खिडकीकडे तोंड केलं, कारण माझंही काही वेगळं नव्हतं.

उखा आमच्याबरोबर घरी आला नाही. इथली पाळी चांगली आहे म्हणाला, दिवाळीला बघू म्हणाला. मगनला त्याने निरोप दिला की पट्ट्याजवळ पुन्हा दिसलास तर दुसरा गाल तयार ठेव. धुरपदाबाई म्हणाल्या, "दे. खुशाल दे."

बसस्टॉपवर त्याने आम्हाला बसवून दिलं. माझ्या मनात पुष्कळ प्रश्न होते, आणि विचारायला मी तोंडही उघडलं. पण बस नाक्यावरून वळते न वळते तोच धुरपदाबाईंची मान झोपेने माझ्या खांद्यावर आली. तोंड थोडं उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. कंडक्टर पैसे मागायला आला, मी त्याला बोटाने गप्प केलं आणि दोघींची तिकिटं काढली. स्टेशनवर बस बदलायची होती. मी बदलली नाही. ती बस जिथवर जात होती तिथवर आम्ही गेलो आणि त्याच बसने स्टेशनवर परत आलो, तरी त्यांची झोप मोडली नाही.